शुद्धीवर राहून जेवताना

‘सकस खा’ असं सांगणारी माणसं मला कधीच जड गेली नाहीत. त्यांचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि हात बिस्किटाच्या डब्याकडे न्यायचा, एवढंच काम असायचं. हल्ली पथ्याचं स्वरूप बदललंय. काय खाताय हे विचारून झालं की, खाताना तुम्ही स्वतः हजर असता का, याचीही चौकशी होते. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझा रक्ताचा रिपोर्ट बाजूला सारला आणि विचारलं, ‘‘काल रात्रीच्या जेवणाची चव आठवते का?’’ मला काल रात्रीच्या बातम्या आठवल्या, त्यातला कोण कोणावर ओरडत होता तेही आठवलं. चव काही आठवेना. ‘‘म्हणजे जेवताना तुम्ही तिथे नसता,’’ बाई म्हणाल्या. हा आरोप मला पटला नाही. ताट रिकामं होतं त्या अर्थी कोणीतरी तिथे असणारच.

त्यांनी भरायला एक डायरी दिली. काय खाल्लं, किती वाजता, भूक दहापैकी किती आणि ‘खाण्यापूर्वी काय जाणवलं’ असे तिचे रकाने. शिवाय गृहपाठ म्हणून एक बेदाणा. मूठभर नव्हे, एक.

या बेदाण्याला इतिहास आहे. जॉन काबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणतणाव कमी करण्याचा एक अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला हा गाजलेला धडा. बेदाणा तळहातावर ठेवायचा आणि आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असं समजून न्याहाळायचा. मग उजेडात धरायचा. हुंगायचा. कानाशी नेऊन बोटांत चोळायचा. कानाशी बेदाणा धरून मी डोळे मिटले होते, तेवढ्यात बायको खोलीत आली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘अहो, खायचाय तो. त्याची मुलाखत काय घेताय?’’

पण खरं सांगायचं तर बेदाणा बघण्यासारखा असतो. त्याच्या सुरकुत्या आडव्यातिडव्या नसतात, बऱ्याचशा एका टोकाकडून निघतात. त्या टोकाला देठाची बारीक खूण असते, बोटाला टोचते. सुरकुत्यांच्या खाचांत रंग गडद आणि कडांवर मधासारखा. जिभेवर ठेवला तर आधी काहीच लागत नाही, नुसता खरखरीतपणा. दाताखाली फुटला की आधी आंबट येतं आणि मग गोड, आणि गोड संपल्यावर साल दाढेत अडकून बसते ती संध्याकाळपर्यंत. इतकी वर्षं मी बेदाणे मुठीने खाल्ले, पण बेदाणा असा हा पहिलाच. बाईंचं म्हणणं इथपर्यंत मला मान्य आहे. अडचण वेगाची. या चालीने ताटभर अन्न संपवायचं म्हटलं तर सकाळचं जेवण संध्याकाळच्या जेवणाला वाटेतच भेटेल.

बाई म्हणाल्या, एवढं नको, निदान चावून खा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचायला वीसेक मिनिटं लागतात. माझं जेवण निरोप निघायच्या आत उरकलेलं असतं. तो येतो तेव्हा मी हात धुऊन, फ्रीजचं दार उघडून, काही गोड आहे का ते बघत उभा असतो.

चावण्याच्या बाबतीतले आद्यगुरू म्हणजे अमेरिकेतले होरेस फ्लेचर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी असं मत मांडलं की, घास तोंडात पार पातळ होऊन आपोआप घशाखाली उतरेपर्यंत चावत राहावा. कोवळ्या कांद्याचा एक तुकडा आपण 722 वेळा चावला, असा त्यांचा दाखला आहे. त्यांच्या अनुयायांत लेखक फ्रान्झ काफ्का होता. त्याचं ते चर्वण बघवेना म्हणून वडील म्हणे जेवताना तोंडासमोर वर्तमानपत्र धरत. आमच्याकडे तीही सोय नाही, कारण जेवताना छापील मजकूर आणि मोबाईल दोन्हींना बंदी. मी घास चावतो आणि समोर बायको व मुलगी माझा जबडा मोजतात.

मुलगी या सगळ्यात तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत शिरली आहे. दुकानात ती प्रत्येक पुडा उलटा करते. पुढच्या बाजूला सूर्य, शेत आणि हसणारं धान्य असतं. खरा मजकूर मागे, इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा काढून नाकाशी धरावा लागतो.

‘‘बाबा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. बघ, पहिलं काय आहे?’’

‘‘गव्हाचं पीठ,’’ मी विजयी मुद्रेने म्हणालो.

‘‘पुढे वाच.’’

पुढे साखर होती. त्यापुढे ग्लुकोज सिरप, मग इन्व्हर्ट सिरप, आणि तळाशी कुठेतरी डेक्स्ट्रोज. एकाच घराण्याची ही मंडळी वेगवेगळ्या नावांनी रांगेत उभी राहिली होती, त्यामुळे एकालाही पहिला नंबर घ्यावा लागला नव्हता. मी या चातुर्याला मनोमन दाद दिली. पोषणाचा तक्ता त्याहून थोर. त्यातले आकडे कसे माफक दिसत होते, कारण ते ‘एका वाढणीचे’ होते आणि वाढणी म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटं खाऊन पुडा मिटणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे.

मुलीने हिशेब तोंडपाठ केलाय. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा. पुड्यावरचं सोडियम अडीचने गुणलं की मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं आणि वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी, जमलं तर 5. म्हणजे 2000 किलोकॅलरीवाल्याला पहिल्या हिशेबाने 50 ग्रॅम आणि दुसऱ्याने 25. मी चहातले चमचे मोजत बसलो होतो. मुलीने मला सॉसची बाटली वाचायला दिली.

एका प्रयोगाने मात्र माझी बाजू घेतली. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी 20 जणांना महिनाभर संशोधन संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार खाणं, दोन आठवडे साधं रांधलेलं. समोर मांडलेल्या अन्नात उष्मांक, साखर, मीठ, चोथा हे सगळं सारखंच ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तयार खाण्यावर मंडळी दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाऊन बसली, आणि भराभर खाल्लं ते वेगळंच. त्या दोन आठवड्यांत वजन सुमारे एक किलो वाढलं आणि साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत जवळजवळ तेवढंच उतरलं. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. पुड्यावरही थोडा ठपका बसला याचा मला फार आधार वाटला.

खरी कसोटी संध्याकाळी. डब्याला हात लावण्याआधी स्वतःला विचारायचं, ही भूक पोटाची की मनाची? ओळखायची खूणही बाईंनी दिली होती: सफरचंद चालेल का, असं विचारा, हो म्हणालात तर पोटाची. मी प्रामाणिकपणे विचारलं. उत्तर आलं, चालेल, पण बिस्किटाबरोबर. भूक दहापैकी किती, विचारलं. सात, असं उत्तर आलं, आणि डब्याचं झाकण उघडल्यावर नऊ. इथेच या सगळ्या पद्धतीत मला खोट दिसते. खाण्यावर लक्ष ठेवायला ज्या मनाला नेमायचं, बिस्कीट मागणारंही तेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

बायकोने मनाशी बोलणीच केली नाहीत. तिने डबा माळ्यावर, मोठ्या पातेल्यामागे नेऊन ठेवला आणि ओट्यावर चिरलेल्या फळांचं भांडं मांडलं. तेव्हापासून मी येता-जाता फळं खातो. कधी खाल्ली, कशी लागली, काही म्हणजे काही आठवत नाही. एका हातात मोबाईल, दुसरा हात भांड्यात. इतकं सकस मी शुद्धीवर असताना कधीच खाल्लं नव्हतं.

डायरी पाहून बाई खूश झाल्या. फळं, फळं, भाज्या, फळं. ‘‘बघा, लक्ष दिलं की निवड आपोआप सुधारते,’’ म्हणाल्या. मी मान डोलवली. मग पान उलटताना त्या थबकल्या. तिथे रात्री साडेदहाची नोंद होती, बिस्किटं, आणि ‘खाण्यापूर्वी काय जाणवलं’ या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘स्टुलाचा एक पाय आखूड आहे.’