आठ मार्चला रशियन पाहुणी बोलावण्याची रीत

उत्तर गोव्यातल्या मोरजी-मांद्रे-हरमल पट्ट्यात महिला दिनाला मंचावर एक गोरी बाई असली की फोटो छापून येतो, हे आता प्रत्येक मंडळाला उमगलं आहे. पर्यटनाचा सीझन सरत आला तरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात भाड्याच्या खोल्यांतून रशियन बाया असतातच. यंदा अशाच एका पाहुणीचा जो सत्कार झाला, तो पाहून पुढच्या वर्षासाठी हे मार्गदर्शन.

वेळ चारची सांगा. ती चारला येईल. प्रमुख पाहुणे सहाला.

पुष्पगुच्छ बारा गुलाबांचाच द्या. म्हापशाच्या बाजारात गुलाब डझनावर मिळतात, जरबेराची जुडी दहाची, त्यामुळे समसंख्या आपोआप साधते. रशियात जिवंत माणसाला फुलं विषम संख्येने देतात, तीन, पाच, सात, समसंख्या मयताला. सेलोफेनच्या आतूनही ती मोजेल, बारा भरल्यावर हसून ‘स्पासीबा’ (धन्यवाद) म्हणेल. आपणही आहेर 51चा, 101चा करतो, वर रुपया चिकटवलेलं पाकीट मुद्दाम विकत आणतो, पण फूल म्हटलं की डझन! एक देठ काढला तर अकरा उरतात आणि काम होतं. (मोठ्या टोपलीत कुणी मोजत नाही, घोळ लहान गुच्छाचा.) तिच्याकडचं या दिवसाचं फूल म्हणजे पिवळं मिमोझा, आपल्या डोंगरांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाचं चुलत भावंड. पण ते फुकटचं झाड, त्यात सत्काराची शोभा कुठली?

शुभेच्छा ‘स वस्मीम मार्ता’ अशा देतात. निवेदकाने पाठ करण्याची गरज नाही. ‘रशिया मॅडम’ पुरे.

मंचावर खुर्च्या सात मांडा. सहा पुरुष, सातवी ती. पंचायतीवर निवडून आलेल्या पंचबाईंचा घोव (नवरा) मंचावर, पंचबाई समईत तेल घालायला.

शौचालयाची किल्ली वॉचमनकडे. वॉचमन चहाला.

अल्पोपहार बायांनीच करावा, दिवस त्यांचा आहे ना! दीडशे माणसांची पातळभाजी म्हणजे पाच किलो पांढरे वाटाणे आदल्या रात्री भिजत, दहा-बारा नारळांचं वाटप (वाटण), पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, तीनशे पावांची वर्दी. वाटप घालून टोप दोनला उतरवला की झाकणाखाली वाफ धरते, आणि मार्चच्या उकाड्यात ओल्या खोबऱ्याला आंबायला चार तास भरपूर झाले. वाटप वेगळं ठेवून पाहुण्यांची गाडी दिसल्यावर उकळी द्यायची, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. पण त्या भाबड्या, पत्रकावरच्या ‘दुपारी 4 वाजता’वर विश्वास ठेवतात. मग ‘भाजी जरा आंबूस लागली’ म्हणणारे कोण? सहाला आलेले.

भाषण ‘नारी तू नारायणी’वरून सुरू करून ‘चूल आणि मूल सांभाळून’वर संपवा. दुभाषा नको. इतिहास तर नकोच. 1917 साली पेत्रोग्रादच्या कापड गिरण्यांतल्या बाया भाकरीसाठी संपावर उतरल्या. तिथल्या जुन्या पंचांगाने 23 फेब्रुवारी, नव्याने 8 मार्च. आठवड्याभरात झारने गादी सोडली. 1966 पासून तिच्या देशात या दिवशी सुट्टी असते. आणि तिला तुम्ही चाळीस मिनिटं आदर्श गृहिणी ऐकवता. चाळीस मिनिटं! एका नोटरीला बोलावलं असतं तर वीस मिनिटांत सांगून झालं असतं की 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या गोव्याच्या कायद्यात, लग्नाच्या नोंदणीतल्या दोन सह्यांआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्तेत बायको अर्धी वाटेकरी असते आणि तिच्या सहीवाचून घर-जमीन विकता येत नाही. समोर पदर सावरून बसलेल्यांपैकी कितीजणींनी ‘हांगा (इथे) सही कर’ म्हटल्यावर कागद न वाचता सही केली असेल? त्यापुढे कसली ती सत्काराची शाल! आणि कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, झोण (उत्पन्नातला वाटा)? बापाचं गावकारपण (तिथलं सभासदत्व) मुलाकडे जातं, मुलीकडे नाही. मंचावरच्या सहांत गावकार असतात की. एकाने तरी त्यावर ब्र काढला?

नाही काढणार. श्रीफळ देताना कॅमेऱ्याकडे बघायचं असतं, बाईकडे नाही. ते श्रीफळही सकाळी आमच्याच बायांनी सोललेलं. लाज वाटू द्या थोडी. परक्या देशात आपला सण आहे म्हणून ती बाई नवा फ्रॉक घालून, दोन तास उपाशी बसून तुमचं ऐकते, आणि तुम्ही तिच्या हातात मयताची फुलं देऊन फोटोला हसता. आमच्या बायांना तर तेवढीही फुलं नाहीत, त्यांना टोप घासायला आहेत.

पुढच्या वर्षी पत्रकावर सहा लिहा. पंचबाईंना मंचावर बसवा आणि टोप घोवांनी घासा. आणि ते शौचालय आदल्या दिवशी धुऊन, किल्ली दारालाच लावून ठेवा.