‘अमेरिकेत करार म्हणजे रद्दी’ हा फॉरवर्ड दाजींपर्यंत पोचला, म्हणून हे लिहितोय

सांगलीहून ताईचा फोन आला तेव्हा इथे सॅन होजेत पहाटेचे पाच वाजले होते. भाचीला टेनिससाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं स्कॉलरशिपचं पत्र आलंय आणि दाजी ते नाकारायला निघालेत. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज. महिनाभरात तोच मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय, त्यातला एक तर इथल्याच मराठी पालकांचा. मेसेज थोडक्यात असा:

‘अमेरिकेत कॉलेजच्या टीम रातोरात लीग बदलतात. करार असतात, पण ते रद्दी. यूएससी, यूसीएलए यांनी तेच केलं. नव्या लीगमध्ये गेलं की टीव्हीचे शेकडो कोटी मिळतात, त्यामुळे विद्यार्थ्यांची फी कमी होते. शिवाय आता खेळाडूंना पगार मिळतो. जुनी पॅक-१२ लीग कोर्टाने बंद केली. म्हणून बिग टेन किंवा एसईसीमधलंच कॉलेज घ्या, बाकीची ऑफर नाकारा. सर्वांना पाठवा.’

यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसमधली विद्यापीठं; बिग टेन आणि एसईसी ही कॉलेजांच्या दोन मोठ्या लीगची नावं. भाचीचं विद्यापीठ या दोन्ही लीगमध्ये नाही. म्हणून नकार. सकाळी सहापासून उन्हात टेनिस खेळलेल्या पोरीचं भवितव्य एका निनावी मेसेजवर ठरतंय, हे मला सहन होत नाही.

आधी ‘करार म्हणजे रद्दी’. हे लिहिणाऱ्याने एकही करार उघडून पाहिलेला नाही. सामने टीव्हीला विकायचा हक्क १९८४ पर्यंत एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या मुठीत होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने निकाल देत सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मूठ उघडली. तेव्हापासून कॉलेजं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांमार्फत हक्क एकत्र विकतात. मेसेजवाला ज्याला लीग म्हणतो, ती ही कॉन्फरन्स. गट सोडणाऱ्याला दंड असायचा, पण घासाघीस करून जाता यायचं. मेरीलँड विद्यापीठाने २०१२ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, सोडायचं जाहीर केलं तेव्हा ५ कोटी २२ लाख डॉलर मागितले गेले. २०१४ मध्ये ३ कोटी १४ लाखांवर मिटलं.

पण मेरीलँड निघालेलं बघून एसीसीतली बाकीची कॉलेजं सावध झाली आणि २०१३ मध्ये त्यांनी एका वेगळ्याच कागदावर सह्या केल्या. त्याचं नाव ‘ग्रँट ऑफ राइट्स’. मोजक्या पानांचा कागद आहे, मी वाचलाय. त्यातल्या मुख्य कलमाचा अर्थ असा की सभासद विद्यापीठ आपल्या सामन्यांचे प्रक्षेपणाचे हक्क मुदत संपेपर्यंत कॉन्फरन्सला देऊन टाकत आहे, ते परत घेता येणार नाहीत, आणि विद्यापीठ तोवर कॉन्फरन्समध्ये राहो वा न राहो, हे लागूच राहील. २०१६ मध्ये ही मुदत २०३६ पर्यंत वाढवली.

दाजी, तुम्हाला उसाचं सांगतो. समजा कारखान्याकडे उसाची नोंद केली आणि नंतर भांडून सभासदत्व सोडलं. तुम्ही सुटलात, ऊस सुटला नाही. इथे नोंद एका हंगामाची नाही, २०३६ पर्यंतच्या सगळ्या हंगामांची आहे. जाणाऱ्या कॉलेजला दुसरी कॉन्फरन्स घेईल कशाला? त्याच्या घरच्या मैदानावरचे सामने विकायचा हक्कच त्याच्याकडे नाही.

यावर पुरावा हवा असेल तर फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा दावा वाचा. डिसेंबर २०२३ मध्ये या विद्यापीठाने स्वतःच्याच कॉन्फरन्सला, एसीसीला, कोर्टात खेचलं. त्या दाव्यात विद्यापीठाच्याच वकिलांनी बाहेर पडायचा हिशेब मांडलाय: १३ कोटी डॉलर दंड, ४२ कोटी ९० लाखांचे गमावलेले टीव्ही हक्क आणि वरचे १ कोटी ३० लाख. एकूण ५७ कोटी २० लाख डॉलर. हा आकडा कॉन्फरन्सने भीती घालायला सांगितलेला नाही, जे सुटायला धडपडत होते त्यांनीच लिहून दिलाय. एसीसीने आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनात उलटा दावा ठोकला होता. मार्च २०२४ मध्ये एसीसीतल्याच क्लेमसन विद्यापीठानेही साउथ कॅरोलायनात दावा केला. तीन राज्यांत वर्षभर वकिलांच्या फिया चालल्या. मार्च २०२५ मध्ये समेट झाला आणि फ्लोरिडा स्टेट व क्लेमसन दोघंही एसीसीतच राहिले. रद्दीपायी कोणी इतकं करतं का?

एक गोष्ट मला मान्य करावी लागेल, मन नसलं तरी. पैसे मोजले तर हे करार सैल होतात. त्या समेटात बाहेर पडायची किंमत ठरली: सुरुवातीला साडेसोळा कोटी डॉलर, मग दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी कमी होत २०३०च्या सुमाराला साडेसात कोटी, आणि ती भरली की हक्क विद्यापीठाचे. टेक्सस आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनीही बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समधून मुदतीच्या एक वर्ष आधी पाय काढला. पण त्यासाठी दोघांना मिळून १० कोटी डॉलर सोडावे लागले, आणि एसईसीत जायचं जाहीर केल्यापासून प्रत्यक्ष जाईपर्यंत, म्हणजे जुलै २०२१ ते जुलै २०२४, तीन वर्षं थांबावं लागलं. याला कोणी रातोरात म्हणत असेल तर म्हणो.

यूएससी आणि यूसीएलएने तर काहीच मोडलं नाही. पॅक-१२चा टीव्ही करार आणि हक्कांचं हस्तांतर दोन्ही २०२४च्या उन्हाळ्यात आपोआप संपत होते. ते संपण्याची वाट बघून दोघं बिग टेनमध्ये गेले. मेसेजमधलं एकुलतं एक उदाहरण, आणि ते करार पाळल्याचं निघालं.

आता फी. हा दावा सगळ्यात घातक आहे, कारण आईबाप त्यावर लाखो रुपयांचे निर्णय घेताहेत. टीव्हीचा पैसा विद्यापीठाच्या शिकवणीच्या तिजोरीत पडत नाही. तो खेळ विभागाकडे जातो. त्या विभागाचं बजेट वेगळं, आणि ते प्रशिक्षकांचे पगार, स्टेडियमची कर्जं, विमानं, हॉटेलं यांत संपतं. बऱ्याच ठिकाणी ते पुरतही नाही. यूसीएलएच्या खेळ विभागाला २०२३च्या आर्थिक वर्षात साडेतीन कोटी डॉलरहून जास्त तूट होती. अनेक सरकारी विद्यापीठांत तर विद्यार्थ्यांच्या फीतूनच खेळ विभागाला पैसे वळवले जातात, म्हणजे मेसेजमध्ये लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं.

रटगर्सचं बघा. न्यू जर्सीतलं हे विद्यापीठ २०१४ मध्ये बिग टेनमध्ये गेलं. एडिसनच्या आसपास मराठी माणसांची एवढी घरं आहेत आणि कितीतरी मुलं तिथे शिकली. बिग टेनमुळे आमची फी कमी झाली असं सांगणारे एक आईबाप मला आणून दाखवा. तिथेही विद्यापीठाचा निधी आणि विद्यार्थ्यांची फी खेळ विभागाकडे जातच राहिली.

आणि जाणाऱ्याला लगेच घबाड मिळतं, हेही खोटं. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने एसीसीत शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या मुख्य पैशांवर पाणी सोडलं. ते खिंडार देणगीदार बुजवताहेत. त्याच एसीसीत गेलेल्या स्टॅनफर्ड आणि बर्कलीला सुरुवातीची सात वर्षं जेमतेम ३० टक्के हिस्सा. स्टॅनफर्डसारख्या नावाला ३० टक्के! त्यातून कोणाची फी कमी होणार?

नाव अटलांटिक किनाऱ्याचं, आणि हे दोघं पॅसिफिकच्या काठावर. याचा भार कोणावर पडतो ते मेसेजवाल्याच्या गावीही नाही. फुटबॉलची (इथला, अमेरिकन फुटबॉल) टीम शनिवारी खेळते, बहुधा चार्टर विमानाने जाते, आणि बाहेरगावचे सामने हंगामात पाच-सहा. टेनिस, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुली आठवड्याच्या मधल्या दिवशीही खेळतात. लॉस एंजेलिसहून रटगर्सला जायचं म्हणजे चार हजार किलोमीटरच्या आसपास आणि तीन तासांचा वेळेचा फरक. मागच्या वसंतात डेन्व्हर विमानतळावर रात्री अकराला मी एका कॉलेजची मुलींची टीम पाहिली. विमान लांबलेलं. बारा-तेरा पोरी गेटजवळ गालिच्यावर मांडी घालून बसलेल्या, रॅकेटच्या बॅगा भिंतीला लावलेल्या, चार्जिंगच्या एका खांबाभोवती सगळ्यांचे लॅपटॉप. एकीच्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली होती आणि ती फोनवर कोणाला तरी सांगत होती की उद्या सकाळी आठला तिची केमिस्ट्रीची परीक्षा आहे. टीव्हीच्या करारावर तिची सही नव्हती. दाजी, ‘मोठी लीग’ म्हणजे आपल्या पोरीसाठी हेसुद्धा असतं.

पगाराचा मुद्दा अर्धवट ऐकून लिहिलाय. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या दाव्यात मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पण द्यायलाच हवेत असं नाही, आणि वाटणी सारखी नाही. मागच्या वर्षांच्या भरपाईचं सूत्र ढोबळमानाने असं होतं: ७५ टक्के फुटबॉल, १५ पुरुष बास्केटबॉल, ५ महिला बास्केटबॉल, आणि उरलेल्या साऱ्या खेळांना मिळून ५. टेनिस त्या शेवटच्या पाचांत. उलट खर्च वाढला म्हणून २०२५ मध्ये काही विद्यापीठांनी टेनिससारखे खेळच बंद केले. त्यात भाची येणार एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. त्या व्हिसावर कमाईला कडक बंधनं आहेत. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय असल्या पैशाला हात लावला तर व्हिसाच धोक्यात येईल.

पॅक-१२ कोर्टाने बंद केली म्हणे. साफ खोटं. दहा कॉलेजं निघून गेली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट उरली. वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टाने उलट या दोघांच्याच हातात कारभार दिला. २०२६ साठी बोईसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरेंना घेऊन त्यांनी ती पुन्हा उभी केली आहे.

दाजी, शनिवारी कोचशी बोलणं आहे ना? तेव्हा कॉन्फरन्सचं नाव सोडून चार गोष्टी विचारायच्या. स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची, आणि दुखापत झाली तर ती राहते का. हंगामात किती रात्री बाहेर काढाव्या लागतात. परीक्षा बुडाली तर ती पुन्हा घेण्याची सोय आहे का. येत्या चार वर्षांत टेनिसची टीम चालू ठेवायचं ते लेखी देतील का. उत्तरं ताईला वहीत लिहून घ्यायला सांगा. इथले सकाळचे आठ म्हणजे तुमचे रात्रीचे साडेआठ, मीही कॉलवर असेन. तोवर नकाराचा ईमेल पाठवू नका.