टायगर वुड्स आणि बंद दालनातली माफी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकी गोल्फपटू टायगर वुड्सने बायकोशी केलेल्या बेइमानीबद्दल 2010 मध्ये जाहीर माफी मागितली, पण प्रश्न घेतले नाहीत. त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही गोव्यातल्या डिचोलीहून लांबलचक प्रतिक्रिया पाठवलीत. तीन वेळा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नवरा-बायकोत जे घडलं ते त्या दोघांचं. वुड्सने गोल्फमध्ये लबाडी केलेली नाही. जगासमोर उभं राहून त्याने माफी मागितली, त्यावर आणखी प्रश्न विचारायचा अधिकार पत्रकारांना कुणी दिला? आणि शेवटचं वाक्य : ‘बातम्या विकणाऱ्यांनी खेळाडूला प्रामाणिकपणा शिकवू नये.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते मला लागलं आहे.

नव्वदच्या दशकात मी म्हापशाहून एका मराठी दैनिकाला बार्देशातल्या खेळांच्या बातम्या पाठवत असे. कापणी झालेल्या शेतात गोलखांब रोवून चालणाऱ्या गावोगावच्या फुटबॉल स्पर्धा हे माझं मुख्य काम. एका अंतिम सामन्याला एका संघाचा सगळ्यात चांगला आघाडीवीर आलाच नाही. त्याच्या घरच्या भानगडीबद्दल गावात कुजबूज होती. मी बातमीत लिहिलं, ‘घरगुती कारणांमुळे गैरहजर’, आणि पुढे एक असं वाक्य जोडलं की ज्याला कळायचं त्याला सगळं कळावं. पुढच्या शुक्रवारी तो मला म्हापशाच्या बाजारात भेटला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, “म्हाका विचारिल्लें जाल्यार ‘सांगचो ना’ इतलें तरी सांगतलों आशिल्लों.” मला विचारलं असतंस तर ‘सांगणार नाही’ एवढं तरी सांगितलं असतं.

मी त्याला विचारलंच नव्हतं. न विचारता लिहून मी त्याच्या तोंडून ‘सांगणार नाही’ म्हणायची संधी काढून घेतली होती. त्यामुळे पत्रकारांवरचा तुमचा राग मी झटकून टाकू शकत नाही. वुड्सच्या बाबतीतही सवंग साप्ताहिकांनी जे केलं त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. त्याच्या अडीच वर्षांच्या मुलीचा शाळेपर्यंत पाठलाग झाला, असं त्याने स्वतः सांगितलं होतं. तो राग रास्त होता.

पण माझ्या लेखाचा विषय त्याचा संसार नव्हता. त्याच्या बोलण्याचा क्रम हा होता, आणि तो तारखांसकट पुन्हा मांडतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत तो एका ‘माफी’त गुंडाळला गेला आहे.

27 नोव्हेंबर 2009च्या पहाटे फ्लोरिडात घराबाहेरच त्याची गाडी पाण्याच्या हायड्रंटवर आणि मग झाडावर आदळली. पोलिसांना त्याने भेट दिली नाही. दोन दिवसांनी आपल्या संकेतस्थळावर त्याने निवेदन दिलं : अपघाताला मीच जबाबदार आहे, ही खासगी बाब आहे. इथपर्यंत ठीक. पण त्याच निवेदनात त्याने पसरलेल्या अफवांना खोट्या, निराधार आणि दुष्ट हेतूच्या म्हटलं होतं. 2 डिसेंबरला कुटुंबाला दुखावणाऱ्या ‘चुकां’ची कबुली आली. 11 डिसेंबरला ‘बेइमानी’ हा शब्द आला आणि त्याने खेळातून बेमुदत विश्रांती घेतली. म्हणजे दोन आठवड्यांत त्याने स्वतःच आपलं पहिलं निवेदन तोंडघशी पाडलं. ‘खासगी आहे, बोलणार नाही’ एवढ्यावर तो थांबला असता तर मी लेखच लिहिला नसता. माझा आक्षेप फक्त त्या ‘निराधार’ या शब्दावर आहे.

तुम्ही म्हणता, त्याने खेळाला फसवलं नाही. मान्य. 2000 साली दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिएवर सामनानिश्चितीचे आरोप केले, त्याने आधी नाकारलं आणि चार दिवसांनी पहाटे तिथल्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाखर यांना फोन करून कबूल केलं की मी पूर्ण खरं बोललो नव्हतो. तो सामना आपलाही होता, तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाचा होता. वुड्सचं प्रकरण त्या जातीचं नाही, आणि माझ्या लेखात मी ही सीमा नीट आखली नव्हती.

तरी एक गोष्ट उरते. वुड्सचा फक्त फटका विकला जात नव्हता. शिस्त, संयम, निर्मळ कुटुंब असं त्याचं चित्र विकलं जात होतं. ॲक्सेंचर ही सल्लागार कंपनी. तिला गोल्फच्या काठ्या विकायच्या नव्हत्या, तरी तिने वर्षानुवर्षे आपली जाहिरात त्याच्या स्वभावावर उभी केली. अपघाताला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा ती बाजूला झाली, नंतर फोन कंपनी एटी अँड टी आणि पेय विकणारी गेटोरेडही गेल्या, नायकी राहिली. स्वतःचं चारित्र्य ज्याने आपल्या संमतीने बाजारात मांडलं, त्याच्या चारित्र्याबद्दल बाजारात प्रश्न येणारच. आपल्या गावच्या त्या आघाडीवीराने कुणाला काही विकलं नव्हतं. म्हणून त्याच्या घराचा दरवाजा मी ढकलायला नको होता, आणि वुड्सच्या दरवाजावर निदान टकटक करायला हरकत नव्हती.

आता माफीकडे येतो. 19 फेब्रुवारी 2010. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या गोल्फ मैदानाच्या क्लबहाऊसमधलं दालन, समोर आई, मित्र, सहकारी, निवडक मोजके बातमीदार. तेरा-साडेतेरा मिनिटं तो कागद वाचत बोलला. एकही प्रश्न घ्यायचा नाही, असं आधीच ठरलेलं. बाकीच्या पत्रकारांनी ते जवळच्या हॉटेलात पडद्यावर पाहिलं. अमेरिकेतल्या गोल्फ लेखकांच्या संघटनेने या बैठकीवर बहिष्कार टाकला. त्या भाषणात खरेपणा नव्हता असं मी म्हणत नाही. ‘मी बेइमानी केली, मला वाटलं की एवढे कष्ट केल्यावर या सुखांवर माझा हक्कच आहे’, हे तो स्पष्ट बोलला. जाहीरपणे असं बोलणारी माणसं थोडी. पण ज्या दालनात कुणी ‘थांब, हे नीट कळलं नाही’ म्हणू शकत नाही, तिथे बोलणारा आपल्याला झेपेल तेवढंच खरं बोलतो. मी स्वतः तसाच बोललो असतो.

आणि तुम्ही जिचा उल्लेखही केला नाहीत ती तारीख 5 एप्रिल 2010. मास्टर्स या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यातला सोमवार, अमेरिकेतलं ऑगस्टा. भरलेला पत्रकार कक्ष आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ प्रश्नोत्तरं. कॅनडातल्या एका वादग्रस्त डॉक्टरकडून उपचार घेतल्याबद्दल विचारलं, त्याने काय उपचार घेतले ते सांगितलं आणि बेकायदा औषध कधीच घेतलं नाही म्हणाला. अपघातात काय लागलं विचारलं, ओठाला टाके पडले म्हणाला. पत्नी येणार का? नाही. मग मधल्या काळात उपचार केंद्रात नेमके कशासाठी गेला होतात, असं कुणीतरी विचारलं. ते खासगी आहे, म्हणाला, आणि कक्षातल्या लोकांनी पुढचा प्रश्न घेतला.

माझ्या मते त्या सगळ्या पाच महिन्यांतला त्याचा सगळ्यात प्रामाणिक क्षण हाच. त्याने जे राखून ठेवलं ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून राखून ठेवलं. कुणाला ‘निराधार’ ठरवलं नाही. तुम्ही ज्या खासगीपणासाठी भांडता आहात तो त्याला तिथे मिळाला, प्रश्न विचारू दिले म्हणून मिळाला. टेनिसपटू मारिया शारापोव्हाने मार्च 2016 मध्ये उत्तेजक चाचणीत अडकल्याचं स्वतः पत्रकारांना बोलावून सांगितलं, तेव्हाही मला हेच वाटलं होतं. बातमी बाहेर फुटायची तिने वाट पाहिली नाही.

तुम्ही विचारलंत की हाच न्याय गोव्याच्या खेळाडूला लावाल का. लावीन, पण माप वेगळं असेल. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर हजारोंसमोर खेळणारा, होर्डिंगवर झळकणारा खेळाडू एका बाजूला आणि पंचायतीच्या मैदानावर चषकासाठी धावणारा पोर दुसऱ्या बाजूला. पहिल्याला मी विचारीन आणि तो ‘सांगणार नाही’ म्हणाला तर तेवढंच छापीन. दुसऱ्याच्या घरचं मला काही विचारायचंच नाही.

तुम्ही लेख काढून टाकायला सांगितलात. तो ठेवतो आहे. मात्र त्यातलं ‘वुड्सने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं’ हे वाक्य आज खोडलं. ते चुकीचं होतं, आणि तुम्ही चिडला नसतात तर माझ्या लक्षात आलं नसतं. क्रोनिएचा परिच्छेदही वर लिहिल्याप्रमाणे दुरुस्त करून टाकला आहे. सवड झाली की पुन्हा वाचा, आणि अजून काही खटकलं तर नक्की लिहा.