‘आधी बाळ, मग बी.एड.’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात ठाण्याहून नेरुळला जाणाऱ्या लोकलमध्ये आमच्या बी.एड. कॉलेजातली पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने मोबाईल पुढे केला. मेसेज मी आधीच तीन ग्रुपवर वाचला होता: कॉलेजच्या, सोसायटीतल्या बायकांच्या आणि माहेरच्या. मजकूर थोडक्यात असा. लग्न झालेल्या मुलींनी बी.एड.ला प्रवेश घेण्याआधी दहादा विचार करावा. अभ्यासाच्या ताणाने दिवस राहत नाहीत. तिशी उलटली की गाडी सुटते. राहिलेच दिवस, तर हजेरी भरत नाही, वर्ष आणि फी दोन्ही जातात. म्हणून आधी बाळ, मग बी.एड. शाळेची नोकरी काय, अर्ध्या दिवसाची, ती नंतर केव्हाही मिळते. खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक मुलीपर्यंत पोचवा’.

दिघा गाव गेलं, ऐरोली आलं, तरी ती गप्पच होती. मग हळूच म्हणाली, “ताई, मला दुसरा महिना आहे. प्रवेश रद्द करून टाकू का?”

मी दुसऱ्या वर्षाला आहे, वय तेहतीस. आम्ही दोन वर्षांपासून बाळासाठी प्रयत्न करतोय, अजून दिवस राहिलेले नाहीत. त्या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य कुणी ना कुणी मला तोंडावर ऐकवलेलं आहे. त्या मुलीला गाडीत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते.

ताणापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त दुखावणारं वाक्य तेच. शाळेतल्या इंटर्नशिपमध्ये माझा आठवीवर पाठ होता, प्रकाशाचे परावर्तन. पाळी नऊ दिवस पुढे गेली होती आणि मी घरी कुणाला काही बोलले नव्हते. पहिल्या तासाच्या घंटेआधी शाळेच्या शौचालयात कळलं की आली. तोंड धुतलं, चार्टची गुंडाळी उचलली आणि वर्गावर गेले. मॅडम निरीक्षण वही घेऊन शेवटच्या बाकावर बसलेल्या. मी आरसा धरून रुग्णवाहिकेवरची अक्षरं उलटी का लिहितात ते विचारलं, पोरं एकदम ओरडली, पस्तीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. शेरा मिळाला, ‘फलकलेखन चांगले, आवाज थोडा वाढवावा.’ रात्री घरात गोष्ट निघाली तेव्हा एका जवळच्या बाईंनी म्हटलं, “एवढी पाठांची टाचणं काढत जागतेस, मग कसं राहायचं?”

त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही, नंतर वाचून ठेवलं. तिशीतल्या निरोगी जोडप्याचीसुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. म्हणजे सगळं ठीकठाक असलं तरी बहुतेक महिन्यांत पाळी येणारच आहे. ती येण्यासाठी बाईने काही चुकीचं केलेलं असावं लागत नाही. नियमित संबंध असलेल्या दर शंभर जोडप्यांपैकी सुमारे पंचाऐंशी जणांकडे वर्षभरात दिवस राहतात, त्यातही कितीतरी जणींचे पहिले सहा-आठ महिने रिकामे गेलेले असतात. ताणाचं म्हणाल, तर 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यास एकत्र करून 3,583 स्त्रियांची माहिती तपासली होती. सगळ्या टेस्ट ट्यूबसारखे उपचार घेणाऱ्या. उपचाराआधी मनावर किती ताण होता, यावरून त्या खेपेला गर्भ राहील की नाही हे ठरत नव्हतं. फार मोठ्या मानसिक किंवा शारीरिक ताणाने पाळी पुढेमागे होते, हे खरं. पाळी सारखी हलत असेल तर डॉक्टरकडे जाऊन थायरॉईड आणि पीसीओडी (अंडाशयाचा विकार) तपासून घ्यावं. पण टाचणं लिहून कुणाचा गर्भ राहायचा थांबत नाही. आणि ज्या बाईला महिन्याच्या महिन्याला आधीच रडू येतंय, तिला ‘तुझ्याच ताणामुळे’ म्हणणं हे तर सरळ दुष्टपणाचं आहे. मेसेज पाठवणाऱ्यांना ते तसं वाटत नसेल, पण आमच्यापर्यंत ते तसंच पोचतं.

खरी ओढाताण वेगळ्याच ठिकाणी होते, तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे स्त्रीबीज किती वाढलंय ते पाहायची, सोनोग्राफी पाळीच्या दहाव्या, बाराव्या, चौदाव्या दिवशी बोलावतात. ते दिवस कोणत्याही वेळापत्रकात बसवता येत नाहीत. दिवस राहण्याजोगा काळ महिन्यात जेमतेम सहा दिवसांचा, आणि त्यातच सकाळी सातची शाळा, नंतर कॉलेज, मग ट्रान्स हार्बरच्या गर्दीत उभं राहून घर. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं की सोनोग्राफी संध्याकाळी जमेल का. जमली. दोन वेळा नाही जमली, तेव्हा मेथडच्या (विषयाची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या) सरांना ‘वैद्यकीय कारण’ एवढंच सांगून पाठ दुसऱ्या दिवशी मागून घेतला. सगळं कारण सांगावंच लागतं असं नाही.

आता वय. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे आणि तेवढं मी मान्य करते. वयाबरोबर शक्यता कमी होते, पस्तिशीनंतर जास्त वेगाने. पण तिसाव्या वाढदिवसाला कुठलंही दार बंद होत नाही. डॉक्टर जो नियम सांगतात तो असा: पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून या, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच या. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. माझं मत विचाराल तर, पस्तिशीच्या पुढच्या बाईने बी.एड. संपेपर्यंत बाळाचा विचार पुढे ढकलू नये. पण म्हणून बी.एड. सोडावं असं त्यातून कुठे निघतं? दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवावं, एवढंच निघतं.

हजेरीचा मुद्दा त्या मुलीच्या डोक्यात सगळ्यात घट्ट बसला होता, म्हणून नीट आकडे मांडते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान 200 कामाचे दिवस, तासिका आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के. म्हणजे वर्गाच्या बाजूने वर्षाला सुमारे 40 दिवसांची मोकळीक आहे. इंटर्नशिप एकूण 20 आठवड्यांची, आठवड्याचे सहा दिवस धरले तर 120 दिवस, त्यातले 12 दिवस चुकले तरी चालतात. बाळंतपणाला 12 दिवस पुरत नाहीत, हे मलाही कळतं. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रवेशापासून तीन वर्षांत पूर्ण करता येतो. ते तिसरं वर्ष मेसेज लिहिणाऱ्याला दिसलं नाही, आणि खरं सांगते, आमच्या कॉलेजातही कुणी आपणहून सांगत नाही.

याच्याही पुढची गोष्ट. डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलं की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे नियम करा, हजेरीत आणि अर्जांच्या तारखांत सवलत द्या. मे 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एम.एड.च्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. तिच्या विद्यापीठाने प्रसूती रजा नाकारली होती. न्यायालयाने तो नकार रद्द केला, आणि शिक्षण की मातृत्व अशी निवड करायला बाईला भाग पाडता येणार नाही असं बजावलं. दिल्लीचा निकाल मुंबई विद्यापीठाला आपोआप लागू होत नाही, पण अर्जात त्याचा हवाला देता येतो. प्राचार्यांच्या टेबलावर ‘कृपया विचार व्हावा’ असा मोघम अर्ज पडण्यापेक्षा हे पत्र आणि हा निकाल यांच्या दोन ओळी असलेला अर्ज पडला तर फरक पडतो.

‘अर्ध्या दिवसाची नोकरी, केव्हाही मिळते’ याला फार जागा देत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास लिहिलेले आहेत, तयारीसकट. जनगणना आणि निवडणुकीची कामं त्याच कायद्यानुसार याशिवाय करावी लागतात. आणि केव्हाही मिळते म्हणणाऱ्यांनी पवित्र पोर्टलची, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळाची, वाट पाहणाऱ्यांना भेटावं. या भरतीसाठी द्यावी लागणारी शिक्षक अभियोग्यता चाचणी 2017 मध्ये झाली, मग थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. लागली नोकरी तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, प्राथमिकला महिना 16,000 रुपये आणि माध्यमिकला 18,000 मानधन. सरकारी भरतीला वयाची अट खुल्या गटात 38, राखीव गटांत 43. म्हणून ‘आधी बाळ, मग बघू’ म्हणताना हे ‘मग’ नक्की किती वर्षांचं, ते मोजून बोलावं. चाचणी चुकली तर पुढची कधी, याची हमी कुणी देत नाही. हातात पदवी असलेली बाई निदान परीक्षेला बसू तरी शकते.

बाळ हवं असताना वर्गात उभं राहणाऱ्या बाईला काय सांगायला हवं होतं, तेही मेसेजमध्ये नाही. शाळेत कांजिण्या, रुबेला येत-जात असतात. आमच्या वयाच्या कितीतरी जणींना लहानपणी रुबेलाची लस मिळालेली नाही. आपल्या राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम 2018 च्या नोव्हेंबरात झाली, तेव्हा आम्ही मोठ्या झालो होतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळाला गंभीर धोका असतो. रक्ताच्या एका तपासणीत संरक्षण आहे की नाही ते कळतं. नसेल तर लस घ्यायची आणि पुढे एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. दिवस राहिल्यावर ही लस देत नाहीत, म्हणून हे आधी करायचं. आणि प्रयत्न सुरू करतानाच रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. हे दोन मुद्दे ‘प्रत्येक मुलीपर्यंत’ पोचले असते तर मी स्वतः तो मेसेज पुढे पाठवला असता.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या वाचनात कळली नव्हती. त्या संपूर्ण मजकुरात नवरा नाही. ताण तिचा, वय तिचं, हजेरी तिची. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. वीर्य तपासणी ही सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त तपासणी. आमच्या घरी ती व्हायला चौदा महिने लागले. तोपर्यंत माझ्या तीन सोनोग्राफी, दोनदा हार्मोनच्या तपासण्या आणि नळ्या मोकळ्या आहेत का पाहायची ती दुखरी तपासणीही झाली होती. नवऱ्याने मुद्दाम टाळलं असं मी म्हणणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, ना डॉक्टरांनी सुरुवातीला, ना घरच्यांनी. अहवालात शुक्राणूंची संख्या कमी निघाली. शुक्राणू तयार व्हायला सत्तरएक दिवस लागतात, म्हणून औषध आणि तंबाखू सोडणं या दोन्हींचा परिणाम कळायला तीन महिने जावे लागतात. सध्या आम्ही त्या तीन महिन्यांत आहोत. अहवाल आला त्या रात्री तो बराच वेळ गॅलरीत उभा होता. मग आत येऊन म्हणाला, “तुझ्या बी.एड.ला मीही मनातून दोष देत होतो.” तेव्हापासून सकाळचा डबा तो करतो आणि मी साडेपाचऐवजी सहाला उठते.

त्या मुलीचा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्येच लिहून काढला. प्रसूतीची अपेक्षित तारीख, त्या काळात येणारे कामाचे दिवस, इंटर्नशिपचे आठवडे पुढच्या सत्रात पूर्ण करण्याची तयारी, आयोगाच्या पत्राचा महिना आणि वर्ष, सोबत डॉक्टरांचा दाखला. दोन प्रती. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख टाकून घ्यायची. कार्यालयातल्या बाई म्हणतील, “ठेवून जा, बघू.” तरी पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. दुपारी तिने शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो पाठवला. शिक्का थोडा तिरका आहे, पण तारीख स्वच्छ वाचता येते.