पायांतले जोडे

मंगळवारच्या प्रार्थनासभेत माझी चप्पल गेली.

‘चोरीला गेली’ म्हणायचं नाही, असं मला एव्हाना चार जणांनी बजावलंय. प्रार्थनासभेत चोरी होत नाही, अदलाबदल होते. बरं, अदलाबदल. माझी गेली ती कापडबाजारात अर्धा तास घासाघीस करून 1350 रुपयांना घेतलेली, तपकिरी, मागे पट्टा असलेली, 9 नंबरची, जेमतेम 14 दिवस पायात घातलेली. तिच्या जागी उरली ती 8 नंबरची, रंग उडालेली, डावी टाच एका बाजूने पार झिजलेली आणि पट्ट्याला सेफ्टी पिन. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात जुना रिवाज सांगितलाय: सौदा पक्का करायचा तर एकाने पायातला जोडा काढून दुसऱ्याला द्यायचा. ज्याने जोडा काढून दिला त्याच्या हाती काही लागलं नाही. ज्याला तो मिळाला त्या बवाजाला मात्र शेतही मिळालं आणि रूथही. मी कुठल्या बाजूचा ते सांगायला नको.

आता मी शेवटपर्यंत आत काय करत बसलो होतो, ते ऐका. म्हणजे माझं दुखणं कळेल.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी ब्रदर लॉरेन्सवर संदेश दिला. सतराव्या शतकातला पॅरिसच्या मठातला हा स्वयंपाकी. आधी सैनिक होता, लढाईत पाय जायबंदी झाला, मग कार्मेलाइट मठात शिरला आणि आयुष्यातली कितीतरी वर्षं मुदपाकखान्यात राबला. त्याचं म्हणणं असं की गुडघे टेकून प्रार्थना करताना देव जितका जवळ असतो, तितकाच तो भांड्यांच्या आदळआपटीतही असतो. संदेश चांगला झाला. फक्त शेवटी साहेबांनी गृहपाठ दिला: “आठवडाभर रोज एका साध्या कामात देव कुठे दिसला, ते वहीत लिहा. पुढच्या रविवारी साक्ष द्यायची.”

वही आणली. सोमवारच्या पानावर लिहिलं, ‘नळाला वेळेवर पाणी आलं.’ मग विचार केला की याचं श्रेय देवाला द्यावं तर महापालिकेवर अन्याय, आणि महापालिकेला द्यावं तर सत्याला धरून नाही. खोडलं.

म्हणून मंगळवारी सावेडीत ज्यांच्या घरी सभा होती तिथे, आमेन झाल्यावर सगळे उठले तरी मी चहाचे कप गोळा करून स्वयंपाकघरात नेले आणि स्वतःहून विसळायला घेतले. घरच्या काकू “अहो राहू द्या” म्हणत होत्या, पण मी हट्टाला पेटलेलो. मधेच लाइट गेली. मोबाइलच्या टॉर्चवर मी सव्वीस कप विसळले. देव दिसला नाही. एका कपाचा कान तुटलेला होता, तो बोटाला लागला. तेवढ्यात बाहेरच्या अंधारात, बावीस-तेवीस जोड पायताणांच्या त्या ढिगातून, माझी चप्पल चालती झाली.

लाइट आली तेव्हा जिन्यात दोनच माणसं: मी आणि सिस्टरमावशी.

सिस्टरमावशी म्हणजे रिटायर्ड नर्स. आमच्या मंडळीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांनाही त्या अरे-तुरेच करतात. यांना देव सगळीकडे दिसतो. रिक्षा मिळाली, देव. रिक्षा नाही मिळाली, देव; त्या रिक्षाला पुढे अपघात व्हायचा असेल. त्यांची वही सोमवारी दुपारीच भरली असणार.

“काय शोधतो रे?”

“चप्पल, मावशी. गेली.”

“ही आहे की.”

“ही माझी नाही.”

त्यांनी कंबरेवर हात ठेवून त्या सेफ्टी पिनकडे पाहिलं. तापाचा कागद पाहावा तसं. मग हसल्या. “बाळा, देवाची काहीतरी योजना असेल.”

“मावशी, नवी होती.”

“मोशेला काय सांगितलं देवाने? पायांतले जोडे काढ.”

“काढ म्हणाला. देऊन टाक नाही म्हणाला. मोशे परत जाताना घालूनच गेला असेल ना?”

“तसं लिहिलेलं नाही,” मावशी म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही, कारण खरंच लिहिलेलं नाही.

मी हार मानणारा नव्हतो. “आणि चाळीस वर्षं रानात फिरूनही इस्राएलाच्या पायांतली पायताणं झिजली नाहीत. अनुवादाचं पुस्तक, एकोणतिसावा अध्याय. माझी चौदा दिवस टिकली.”

“झिजली कुठे? कुणाच्या तरी पायात अजून नवीच आहे.” हे त्या अगदी निर्मळपणे बोलल्या. “आणि डोंगरावरच्या प्रवचनात काय आहे? जो तुझी बंडी घेऊ पाहतो त्याला अंगरखाही घेऊ दे.”

“म्हणजे आता मोजेही देऊ?”

“घातलेत का तू?”

नव्हते घातले. मोज्यांअभावी माझा अंगरखा वाचला.

मग मावशी म्हणाल्या, “चल, प्रार्थना करू,” आणि मला हो-नाही म्हणायची सवड न देता जिन्यातच डोळे मिटून सुरू झाल्या. “हे परम दयाळू स्वर्गीय बापा...” त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे एक काका खांद्यावर दळणाचा डबा घेऊन जिना चढत आले. जिना अरुंद, मावशी रुंद. काकांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना ‘जरा सरका’ म्हणता आलं असतं. पण कुठल्याही देवाचं चाललं असेल तर मधे बोलायचं नाही, या जुन्या वळणाचा माणूस. त्यांनी कुरकुर न करता तीन पायऱ्या खाली थांबून, डबा खांद्यावरच ठेवून, डोळे मिटले.

मावशींनी आधी त्या चपलेतल्या पायांसाठी मागितलं, की ते अधर्माच्या वाटेने न जावोत. मग माझ्यासाठी, की माझ्या मनातलं कडूपण जावो. (हे त्यांनी मोठ्याने म्हटलं.) मग गाडी भाच्याच्या व्हिसावर गेली, तिथून सून आणि सासूतल्या समेटावर, तिथून पाऊसपाण्यावर, मग राज्यकर्त्यांना सुबुद्धी, मग दवाखान्यात पडलेले सगळे, नावानिशी. मी एक डोळा उघडून पाहिलं. डब्यातलं ताजं पीठ गरम असावं. काकांनी डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, डोळे न उघडता. सात मिनिटं. शेवटी मावशी पुन्हा चपलेवर आल्या आणि थांबल्या.

“आमेन,” काका म्हणाले. माझ्यापेक्षा मोठ्याने.

वर जाताना त्यांनी विचारलं, “पेशंट कोण आहे?” मी म्हणालो, चप्पल. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून दिसते. देव दिसत नाही, ही दिसते.

ते कडूपण काही गेलं नाही. घरी येताना 8 नंबरच्या चपलेतून माझी टाच मागे लोंबत होती आणि डोक्यात ‘योजना’ हा एकच शब्द. या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे. वडील अतिदक्षता विभागात 19 दिवस होते. रोज कुणीतरी येऊन बाहेरच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसायचं, खांद्यावर हात ठेवायचं आणि म्हणायचं, देवाची योजना असते. विसाव्या दिवशीही म्हणाले. तेव्हा मी मान हलवली होती. चपलेच्या वेळी मावशींशी भांडलो, तेव्हा भांडायचं राहून गेलं होतं म्हणून असेल.

आणि साक्षीही बघा. फ्लॅट मिळाला, साक्ष. मुलीचं जमलं, साक्ष. बाजारात गाडी लावायला जागा मिळाली, साक्ष! विश्वाच्या निर्मात्याला आपण चितळे रोडवर पिवळा पट्टा बांधून पार्किंगला उभा केलाय. ज्याला जागा मिळाली नाही, तो उठून काही बोलत नाही. तो मागच्या बाकावर बसून गीताची चाल धरतो. आमच्याच नगरात राहून गेलेले कवी नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी साहेबाने त्यांना नवा करार हातात दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते अडकले ते अडकलेच, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या पानांनी टिळकांचं आयुष्य उलटंपालटं केलं, त्याच पानांवरची बंडी मावशींनी मला जिन्यात फेकून मारली. टिळकांना प्रवासात काहीतरी मिळालं. मी दोन गल्ल्या गेलो आणि अनवाणी झालो.

बुधवारी दिल्ली गेटपाशी चांभाराकडे गेलो. निदान ती सेफ्टी पिन तरी काढावी, टोचत होती. त्याने चप्पल उलटी केली, टाचेवर अंगठा फिरवला आणि मला उठून चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो.

“तुमची नाही ही.”

“कशावरून?”

“हा माणूस डावा पाय ओढतो. बाहेरून झिजलीय बघा. म्हातारा आहे. काठी उजव्या हातात.” मग पिन काढून माझ्या तळहातावर ठेवत म्हणाला, “आणि एकटा आहे. घरात बाईमाणूस असतं तर पिन आतून लावली असती.”

नवा पट्टा, टाचेला रबर, चार टाके, पॉलिश, साठ रुपये. घरी येऊन मी वही उघडली आणि बुधवारच्या पानावर लिहिलं: ‘डावा पाय. काठी उजवीकडे.’ देवाच्या वहीत संशयिताचं वर्णन.

तो ब्रदर लॉरेन्स म्हातारपणी पायाने थकला तेव्हा त्याला स्वयंपाकघरातून हलवून मठातली पायताणं दुरुस्त करायला बसवलं होतं. हे पाळकसाहेबांनी सांगितलं नाही. मी नंतर शोधून वाचलं. त्यांनी भांड्यांऐवजी हे सांगितलं असतं, तर मी कप विसळत बसलो नसतो, दाराशी पायताणं राखत बसलो असतो.

रविवारी मी मुद्दाम तीच 8 नंबरची घालून चर्चला गेलो. आमिष म्हणून. ज्याची आहे तो ओळखेल आणि ओशाळेल. आठवडाभर हे ओशाळणं मी मनात घोळवून घोळवून तयार ठेवलं होतं. उपासनेत सगळ्यांनी माना खाली घातल्या तशी मीही घातली, आणि बाकांखालून पाय पाहत गेलो. इतके पाय मी आयुष्यात पाहिले नव्हते. भेगा पडलेले, जोडवी घातलेले, बूट काढून हळूच बोटं मोकळी करणारे, क्रेपबँडेज बांधलेले, जमिनीला न पोचता हवेत झुलणारे दोन छोटे पाय. आणि शेवटच्या बाकाखाली, काठीच्या शेजारी, माझी तपकिरी चप्पल.

मास्तर. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगा त्यांना गाडीवरून आणून सोडतो, उपासना संपली की फाटकाबाहेरूनच हॉर्न वाजवतो. आत येत नाही.

आशीर्वाद झाला तसा मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. “सलाम मास्तर.”

“सलाम, सलाम. बसा की.” आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच डावा पाय पुढे केला. “कशी आहे?”

“काय?”

“चप्पल हो! पोराने आणली.” आवाज खाली आणून म्हणाले, “बुधवारी सकाळी उठून बघतो तर दाराशी ही. नवीकोरी! जुनी गायब. फेकून दिली असणार. त्याला विचारलं तर म्हणतो, मला काय माहीत. लाजतो. आईवर गेलाय. तीन वर्षं घरात टीव्हीशिवाय कुणी बोलत नव्हतं. बुधवारी मी विचारलं, कितीला पडली रे? तर हसला. म्हणे, पप्पा, तुम्हाला काही आठवत नाही. मग चहा पीत बसला माझ्याजवळ.”

संध्याकाळी सुजलेले पाय, अंधार, घाई, बाहेर वाजणारा हॉर्न. सगळं माझ्या डोळ्यांपुढे नीट उभं राहिलं. ते पाठ केलेलं ओशाळणं तोंडातच राहिलं.

“जरा मोठी आहे,” मास्तर म्हणाले. “बापाचा नंबर कुठल्या पोराला ठाऊक असतो? पुढे कागदाचा बोळा घातलाय. मी काही बोललो नाही त्याला. बदलून आणतो म्हणायचा.”

“नका बोलू,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच कडवट वाटला. 1350 रुपये. माणसाला निदान भांडता तरी यावं.

तेवढ्यात पलीकडून सिस्टरमावशी येताना दिसल्या. त्यांची नजर आधी मास्तरांच्या पायांवर गेली, मग माझ्या. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की चाळीस वर्षांच्या नोकरीत डॉक्टरांनीही पाहिलं नसेल. त्यांनी तोंड मिटलं.

मी पाय बाकाखाली ओढून घेत होतो, पण मास्तरांचं लक्ष गेलंच. चष्मा नाकावर खाली करून ते वाकून पाहू लागले.

“अरे, माझी जुनी अगदी अशीच होती! फार टिकाऊ. फक्त पट्टा सांभाळा, डाव्या पायाचा,” ते म्हणाले. “आणि एक नंबर मोठी घ्यायची होती तुम्ही.”