ल्युपिनचं बी ‘कुठेही फेका’? जरा थांबा

निळ्याजांभळ्या तुऱ्यांनी भरलेल्या उताराचा फोटो आणि खाली मजकूर: ‘ल्युपिन हे रानफूल. मूठभर बी कुठेही फेका. जमीन सुपीक होते, फुलपाखरं वाचतात, नुकसान शून्य.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय.

सुपीकतेचं खरं आहे. ल्युपिन वाटाण्याच्या कुळातलं. मुळावरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसतं. जीवाणू हवेतला नत्र बांधताहेत, याची ती खूण. गंमत म्हणजे नाव आलंय लॅटिनमधल्या लांडग्यावरून. हे झाड जमिनीचा कस खातं, असा जुना समज होता म्हणे. उगाच आळ!

पण ‘नुकसान शून्य’ इथेच कोसळतं. १९४५ साली आइसलँडमध्ये अलास्काहून नूटका ल्युपिन आणलं, उजाड जमीन सावरायला. ती सावरलीही. मग कमी नत्रावर तग धरणाऱ्या तिथल्या ठेंगण्या वनस्पतींना झाकत ते पुढे सरकलं. न्यूझीलंडच्या मॅकेन्झी खोऱ्यात रसेल ल्युपिन नद्यांच्या गोट्यागोट्यांच्या पात्रांत घुसलंय. काकी हा दुर्मीळ काळा शेकाट्या पक्षी उघड्या गोट्यांवर घरटं करतो. ल्युपिन दाटलं की घरट्याची जागा जाते आणि शिकारी प्राण्यांना आडोसा मिळतो. पर्यटक मात्र त्याच ताटव्यांपुढे फोटो काढतात.

फुलपाखरांचं म्हणाल, तर कुठलं ल्युपिन ते आधी सांगा. कार्नर ब्लू या फुलपाखराची अळी फक्त ल्युपिनस पेरेनिसची पानं खाते. ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या रेताड जमिनीचं. हे फुलपाखरू (कादंबरीकार नाबोकोव्ह यांनी नाव दिलेलं!) अमेरिकेत १९९२ पासून संकटग्रस्त यादीत आहे. पश्चिमेकडचं ल्युपिनस पॉलिफिलस पेरून त्या अळीच्या तोंडी काहीच पडत नाही. पाकिटावर ‘रानटी ल्युपिन’ एवढंच असेल तर घेऊ नका. पूर्ण लॅटिन नाव बघा.

गुरं असतील तर आणखी जपा. काही जातींतली अल्कलॉइडं (विषारी द्रव्यं) गाभण गाईच्या पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेली, तर वासरू वाकड्या पायांचं जन्मू शकतं.

आणि ‘फेका’? बीचं कवच टणक. आधी ते खरवडा, रात्रभर भिजवा. जागा नीट ठरवा, कारण सोटमूळ खोल गेलं की रोप हलवलेलं सोसत नाही. पुढचं फेकणं शेंगा स्वतःच करतात: वाळल्या की पीळ पडून तडकतात आणि बी लांब उडवतात. ते नको असेल तर शेंगा हिरव्या असतानाच तुरे छाटा.