पंधरा मिनिटांत समुद्रफूल रुळत नाही

मत्स्यटाकीची हौस असलेल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, खाऱ्या पाण्यातला फुलासारखा दिसणारा प्राणी) विकत आणलं की पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी आणि मग ते थेट सोडावं. हव्या त्या दगडावर बोटानं दाबून बसवावं, लाइट पूर्ण ठेवावा, पहिल्या दिवसापासून रोज कोळंबी भरवावी, क्लाउनफिश (समुद्रफुलात राहणारा छोटा मासा) लगेच सोबत सोडावा. आकसलं तर मेलं समजून काढून टाकावं. तसंही ते घरात दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नये.

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण बाकीच्या सगळ्या निष्काळजीपणाला तेच माफी देतं. म्हणून आधी तेच घेतो. सर जॉन डॅलियल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकानं 1828 मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलियल 1851 मध्ये गेले. ते समुद्रफूल मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात 1887 पर्यंत जगलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी म्हणायचे. माणसाच्या देखरेखीखाली 59 वर्षं, तीही वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंखा), स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र), एलईडी यांतलं काहीच नसताना. ते थंड पाण्यातलं, भरती-ओहोटी सोसणारं काटक समुद्रफूल होतं हे खरं. आपण विकत घेतो त्या बबल टिप किंवा कार्पेट या जाती उष्ण कटिबंधातल्या समुद्रातल्या, जास्त नाजूक. पण घरात दोन-तीन महिन्यांत मरणं हा या जीवाचा स्वभाव नव्हे. तसं झालं तर दोष टाकीत, पाण्यात किंवा आणण्याच्या पद्धतीत शोधायचा.

आता पंधरा मिनिटांचं बघू. पिशवी तरंगत ठेवल्यानं फक्त तापमान जुळतं, क्षार जुळत नाहीत. माशाला शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारी कल्ले आणि मूत्रपिंडं असतात. समुद्रफुलाकडे त्यातलं काहीच नाही. भोवतालचं पाणी जितकं खारं, तितकाच त्याच्या आतला द्रव खारा. मासे विकणारी काही दुकानं पाण्यात मीठ कमी ठेवतात, विशिष्ट गुरुत्व (खारेपणा मोजायचं माप, गोड्या पाण्याचं 1) 1.020 च्या आसपास. तुमची टाकी नीट ठेवलेली असेल तर तिथं 1.025 किंवा 1.026 असतं. एवढा फरक एका झटक्यात पडला की पेशींवर थेट ताण येतो. त्यामुळे पिशवी उघडल्यावर पहिलं काम रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षार मोजायच्या उपकरणावर, तिच्यातलं पाणी मोजण्याचं. हे न मोजता दिलेला कुठलाही सल्ला, पंधरा मिनिटांचा असो की तीन तासांचा, अंधारात मारलेला तीर आहे.

दुकान जवळचं असेल आणि पिशवी तास-दोन तासांचीच असेल, तर ड्रिप करा, म्हणजे टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळा. समुद्रफूल पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत घ्या. टाकीतून हवेच्या पंपाची बारीक नळी (एअरलाइन) सोडून तिला सैल गाठ मारा, म्हणजे सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील. पाणी तिपटीपर्यंत वाढेस्तोवर थांबा. तासभर लागतो, क्षारांत फरक जास्त असेल तर त्याहून अधिक.

मात्र रात्रभर कुरिअरनं आलेल्या पिशवीला हाच उपाय बाधतो, आणि हे फार कमी लोक सांगतात. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो (पाणी आम्लाकडे झुकतं), आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात जीवाला दोन तास ठेवून थेंब थेंब पाणी घालत बसणं म्हणजे त्याला विषात भिजवणं. अशा वेळी पिशवीतल्या पाण्याइतक्याच क्षारांचं आणि तापमानाचं ताजं पाणी दुसऱ्या बादलीत तयार करा, समुद्रफूल लगेच त्यात हलवा आणि मग तिथून सावकाश टाकीच्या पाण्याकडे या. दोन्ही प्रकारांत पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. हलवताना ते क्षणभर हवेत आलं म्हणून घाबरू नका. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला कितीतरी समुद्रफुलं उघडी पडतात. फक्त हात ओले ठेवा आणि खालून आधार द्या.

‘दगडावर दाबून बसवा’ हा सल्ला मात्र थेट जीवावर उठणारा आहे. समुद्रफुलाचा तळवा, म्हणजे दगडाला चिकटणारा खालचा भाग, हा त्याचा सर्वांत नाजूक भाग. तो फाटला की जंतुसंसर्ग होतो आणि बहुतेकदा तिथंच सगळं संपतं. दुकानात घेतानाही आधी तळवाच बघायचा: फाटलेला नाही ना, आणि तोंड घट्ट मिटलेलं आहे ना. जागा तुम्ही ठरवत नाही, ते ठरवतं. बबल टिपला दगडातली कपार लागते, तळवा आत लपवून शुंडकं (तोंडाभोवतीचे लांब तंतू) बाहेर पसरायची असतात. हॅडोनी या कार्पेट जातीला खाली खोल वाळू हवी. तुम्ही एवढंच करा: तासभर पंप बंद ठेवा, तळवा खाली येईल असं कपारीजवळ ठेवा आणि हात बाहेर काढा. पटलं नाही तर ते रात्रीतून चालू लागेल. चालू द्या. ओढून परत आणू नका, कोपऱ्यात गेलं तरी नाही.

फक्त चालणाऱ्या समुद्रफुलासाठी टाकी सुरक्षित हवी. घरच्या टाक्यांमध्ये समुद्रफुलं मरण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे वेव्हमेकरचा पंखा. रात्री त्यात ओढलं गेलेलं समुद्रफूल सकाळी चिंध्या होऊन सापडतं आणि त्यातून सुटलेल्या घाणीनं मासेही धोक्यात येतात. म्हणून प्रत्येक वेव्हमेकरला आणि पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा बारीक जाळी बसवा. हे काम समुद्रफूल आणण्याआधी करायचं.

लाइटबद्दलचा गैरसमज निदान समजण्यासारखा आहे. समुद्रफुलाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि अन्नाचा मोठा भाग तेच पुरवतं, म्हणून जास्त उजेड बरा असं वाटतं. पण प्रवासात आणि दुकानातल्या मंद उजेडात दिवस काढलेल्या जीवावर एकदम शंभर टक्के एलईडी पडला, तर तो ते शैवालच बाहेर टाकतो. सुरुवात निम्म्या तीव्रतेवर करा, दिवसाला आठ-नऊ तास, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवा. दुकानात ‘व्हाइट’ म्हणून दिसणारं पांढरंशुभ्र समुद्रफूल ही बहुधा वेगळी जात नसते, शैवाल गमावलेला उपाशी जीव असतो. भडक पिवळं किंवा जांभळं दिसलं तर रंगवलेलं असण्याची शंका घ्या. पहिलं समुद्रफूल म्हणून यांतलं कुठलंच घेऊ नका.

रोज कोळंबी? नाही. पहिला आठवडाभर काहीच नको. तळवा चिकटला, शुंडकं फुलली की आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, त्याच्या तोंडापेक्षा लहान तुकडा. मोठा तुकडा ते दुसऱ्या दिवशी अर्धवट ओकतं आणि पाणी नासतं.

आकसणं म्हणजे मरण नव्हे, हे ठळक अक्षरांत लिहून टाकीवर चिकटवावं असं मला वाटतं. समुद्रफुलाला एकच तोंड. अन्न आत जातं तिथूनच आणि मळ बाहेर येतो तोही तिथूनच. अंगातलं जुनं पाणी बाहेर टाकताना ते लिंबाएवढं होतं, काही तासांनी पुन्हा फुगतं. नव्या जागेत पहिले काही दिवस हे वारंवार होतं. एवढ्यावरून किती जिवंत समुद्रफुलं कचऱ्यात गेली असतील! मेलेलं ओळखायला वेगळी चिन्हं आहेत: तोंड सताड उघडं, कडा विरघळल्यासारख्या, तळवा सुटलेला आणि कुजका वास. हे दिसलं तर मात्र एक तासही थांबू नका, काढा आणि पाणी बदला.

क्लाउनफिशबद्दल मजकुरात अर्धं खरं आहे. माशाच्या उत्सर्गातला अमोनिया शैवालाला खत म्हणून लागतो, तेव्हा ही जोडी दोघांच्या फायद्याची आहे. पण नव्या, अजून न चिकटलेल्या समुद्रफुलात मासा दिवसभर लोळू लागला तर ते उघडतच नाही. टाकीत क्लाउनफिश आधीपासून असेल आणि त्यानं असा छळ मांडला, तर काही दिवस मध्ये जाळीदार आडोसा ठेवा. आणि दुकानातला नेहमीचा नारिंगी-पांढरा ओसेलारिस निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही. टाकीत बरेचदा स्वीकारतो, कधी वर्षभर ढुंकूनही बघत नाही. समुद्रफुलाविना तो घरात छान जगतो, अंडीही घालतो. केवळ माशासाठी समुद्रफूल आणायचं असेल तर आणू नका.

एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच: टाकीचं वय. निदान सहा महिने चाललेली, अमोनिया शून्य, नायट्रेट कमी आणि तापमान 24 ते 27 अंशांत स्थिर असलेली टाकी हवी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) अवघड आहे. उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उडतं, मीठ मागे राहतं आणि चार दिवसांत क्षार चढलेले असतात. ती भर रोज आरओच्या गोड्या पाण्यानं घालायची, खाऱ्या पाण्यानं नाही. पूर्वी त्या टाकीत माशांच्या रोगावर तांब्याचं औषध वापरलं असेल, तर तिथं समुद्रफूल नकोच. तांबं दगडांत आणि वाळूत मुरून राहतं, आणि माशाला बरं करणारी मात्राही समुद्रफुलाला मारते.